धनुष्यावरचा आकडा आणि मुलीचा खांदा

चाकणच्या एका कारखान्यात स्प्रिंग तपासणीच्या खात्यात काम करणारे एक गृहस्थ पहिली शिफ्ट सुटल्यावर आपल्या तेरा वर्षांच्या मुलीला घेऊन दवाखान्यात आले. मुलीचा उजवा खांदा दुखत होता. वेणी घालायला हात वर नेला की कळ येई आणि रात्री त्या कुशीवर झोपता येत नसे. पडझड झाली नव्हती, ताप नव्हता, सूजही दिसत नव्हती. मी पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, वरून लावायला मलम दिले आणि "दप्तर जड नेऊ नकोस" असे सांगून पाठवले. दोन आठवड्यांनी दोघे पुन्हा आले. मी पुन्हा तेच केले. तिसऱ्या खेपेला वडील म्हणाले, "डॉक्टरसाहेब, एक इंजेक्शनच देऊन टाका. रविवारी तिची निवड चाचणी आहे."

"कशाची?"

"तिरंदाजीची."

हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. भोसरी-चाकण पट्ट्यातला कामगार खांदा धरून आला की माझा पहिला प्रश्न असतो, "कोणत्या मशिनवर आहात आणि दिवसातून किती वेळा हात वर जातो?" शाळकरी मुलगी आली तेव्हा मात्र मी दप्तरापाशी थांबलो. मूल संध्याकाळचे दोन तास मैदानावर काय करते, हे मी विचारलेच नाही. गोळ्यांनी तिचे दुखणे चार दिवस दबत होते आणि त्या चार दिवसांत ती पुन्हा सराव करत होती. म्हणजे माझ्या गोळ्यांनी तिचे नुकसानच होत होते.

इंजेक्शन मी दिले नाही. रविवारची चाचणी सोडून द्या, असे सांगितल्यावर मुलीचे डोळे भरून आले. खरे सांगायचे तर "हा खेळच बंद करा" हे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. डॉक्टरला ते वाक्य फार सोपे पडते. ते मी गिळले आणि म्हणालो, "उद्या तुझे धनुष्य आणि बाण घेऊन ये."

आपल्याकडे या खेळाची हौस अलीकडे वाढली आहे आणि त्याला कारणही तसेच आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्ये बर्लिन येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी वयाच्या सतराव्या वर्षी कंपाउंड प्रकारात वैयक्तिक विश्वविजेती झाली. त्याच स्पर्धेत नागपूरच्या ओजस देवतळेने पुरुषांच्या अंतिम फेरीत १५० पैकी १५० गुण घेऊन सुवर्णपदक मिळवले. त्याआधी फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळून आला होता. अशी उदाहरणे डोळ्यांसमोर असल्यावर पालक मुलांना मैदानावर आणणारच, आणि आणावेच. माझे म्हणणे एवढेच आहे, की बूट घेताना आपण मुलाचा पाय मापतो, तसे धनुष्य घेताना मुलाचे हात मापावेत. ते माप फारच थोडे लोक घेतात.

दुसऱ्या दिवशी धनुष्य आले. लाकडी, साधे, इंडियन राउंड नावाच्या प्रकारात वापरतात तसले. त्या प्रकारात बाण ३० आणि ५० मीटरवरून मारतात. धनुष्य मुळात तिच्या चुलतभावाचे होते. तो पाच फूट दहा इंच उंचीचा, त्याचा खेळ सुटला म्हणून ते हिच्याकडे आले. घरात मोठ्याची सायकल धाकट्याकडे येते तसेच. धनुष्याच्या आतल्या बाजूला पेनाने लिहिले होते, "३६ पौंड, २८ इंच." वडिलांनी त्यातले पौंड वाचले होते. इंच कशाचे ते कोणी विचारले नव्हते. मी विचारल्यावर ते म्हणाले, "धनुष्याची लांबी असेल." पण धनुष्य तर साडेपाच फुटांचे होते!

ते २८ इंच म्हणजे ओढ. दोरी पूर्ण मागे ओढून धरली असता दोरीपासून धनुष्याच्या पुढच्या कडेपर्यंत जे अंतर पडते, त्याला शिकवणारे लोक "ड्रॉ लेंग्थ" म्हणतात. आपण ओढच म्हणू. जगभर धनुष्यांचा जोर लिहिताना ती २८ इंच ओढली आहेत असे धरून लिहितात. कारण कुठे तरी एक ठिकाण ठरवावे लागते. तेव्हा "३६ पौंड" हा त्या धनुष्याचा कायमचा गुण नव्हे. ते २८ इंच ओढणाऱ्याच्या हाती ३६ पौंड असते. कमी ओढणाऱ्याच्या हाती कमी, जास्त ओढणाऱ्याच्या हाती जास्त. या ताकदीच्या धनुष्यात दर इंचाला साधारण २ पौंडांचा फरक पडतो.

मग प्रत्येकाची ओढ किती? ती आपल्या हातांच्या लांबीवर ठरते. दोन्ही हात बाजूंना आडवे पसरायचे आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मापायचे. ही आपली वाव. त्या मापाला अडीचने भागले की ओढीचा जवळपास अंदाज येतो. चुलतभावाची वाव ७० इंच, म्हणून ओढ २८. धनुष्यावरचा आकडा योगायोगाने त्याच्यासाठी बरोबर होता. मुलीला मी दवाखान्याच्या भिंतीला पाठ लावून उभे केले आणि टेपने मापले. वाव भरली साडे-अठ्ठावन्न इंच. ओढ आली साधारण साडेतेवीस इंच. भावापेक्षा साडेचार इंच कमी.

आता वडिलांचा धंदा कामी आला. स्प्रिंग किती दाबली की किती भार घेते, हे ते रोज आठ तास मशिनवर बघतात. धनुष्य हीही एक स्प्रिंगच आहे, असे म्हणताच त्यांनी माझ्या चिठ्ठ्यांच्या पॅडची पाठकोरी बाजू घेऊन त्यावर आलेख काढला. आडव्या रेषेवर ओढ, उभ्या रेषेवर जोर. शेजारच्या रद्दीवाल्याकडून हुकाचा लटकता काटा मागवला. धनुष्याची दोरी काट्याच्या हुकात अडकवली आणि एका बाणावर इंचाच्या खुणा करून आम्ही थोडे थोडे ओढत गेलो. साडेतेवीस इंचांवर काट्याने १२ किलोच्या किंचित वर दाखवले, म्हणजे २७ पौंड. तिचे स्वतःचे वजन ३८ किलो.

मला वाटले, चला, लिहिल्यापेक्षा जोर कमीच पडतो आहे, मग खांदा का दुखावा? म्हणून मुलीला म्हटले, "तू मैदानावर ओढतेस तसे बाण न लावता, हळूहळू ओढून दाखव, आणि सोडू नकोस." (बाणाशिवाय दोरी ओढून एकदम सोडणे धनुष्याला फार वाईट. जी ताकद बाणाबरोबर जायची ती धनुष्यातच अडकते आणि लाकूड चिरते. घरातली लहान भावंडे हाच खेळ खेळतात, तेव्हा लक्ष ठेवावे.) तिने ओढले. दोरी हनुवटीपाशी आली, तिथे थांबली नाही. गालावरून पुढे कानामागे गेली. उजवा खांदा कानाला टेकला, कोपर डोक्याच्या वर गेले, मान मागे पडली आणि कंबर वाकडी झाली. आम्ही मापले, ओढ २६ इंच. काट्यावर तिथे जोर होता साडेचौदा किलो, ३२ पौंड.

"इतके मागे कशाला नेतेस?"

"दादा म्हणाला, बाण कमी पडतो, अजून ओढ. आणि कानापर्यंतच ओढायचं असतं ना डॉक्टरकाका?"

दादा म्हणजे मैदानावर शिकवणारा एक हौशी तरुण. त्याचा हेतू वाईट नव्हता, आणि गंमत अशी की त्याचे म्हणणे धनुष्यापुरते खरेही होते! ते कसे, हे जरा सविस्तर सांगतो, कारण सगळी मेख इथेच आहे.

धनुष्य बाणाला किती ताकद देते हे नुसत्या जोरावर ठरत नाही. दोरी किती अंतरापर्यंत बाणाला ढकलत नेते, यावरही ते ठरते. दोरी चढवलेली पण न ओढलेली असते तेव्हाही ती धनुष्यापासून सात-आठ इंच दूर असते. ओढीतून तेवढे वजा केले की ढकलण्याचे अंतर मिळते. आमच्या धनुष्यात ते वजा करायचे अंतर साडेसात इंच होते. भावाला ढकलण्यासाठी साडेवीस इंच मिळत, मुलीला तिच्या योग्य ओढीवर सोळाच इंच. जोरही कमी आणि अंतरही कमी, असा दुहेरी तोटा. वडिलांच्या आलेखावर दोन त्रिकोण काढून आम्ही क्षेत्रफळ मोजले. ढोबळ हिशेबाने, भावाच्या हाती ते धनुष्य १०० रुपयांचे काम करत असेल, तर मुलीच्या हाती ५८ रुपयांचे. कानामागे ओढले की तेच काम ८० रुपयांवर जाते. अडीच इंचांत बावीस रुपयांचा फायदा! बाण लांब जाऊ लागला, दादा खूष, मुलगी खूष. फायद्याचे बिल खांदा भरत होता, आणि ते महिन्याभराने आले.

बाण कमी पडण्याचे दुसरेही कारण होते. बाण भावाचेच होते, ३० इंच लांब. साडेतेवीस इंच ओढणाऱ्या मुलीला इतका लांब बाण म्हणजे नुसते ओझे. बाण ओढीपेक्षा एक-दोन इंच लांब हवा, एवढेच. शिवाय धनुष्यातून सुटताना बाण वाकतो आणि सरळ होतो. तो किती लवचीक असावा हे धनुष्याच्या जोराशी जुळावे लागते. लांबी वाढली की तोच बाण जास्त लवचीक होतो, कापला की ताठर. म्हणून दुसऱ्याचे बाण आपल्याला चालतीलच असे नाही.

मात्र याची उलटी चूक जास्त भयंकर आहे, तीही सांगून ठेवतो. बाण ओढीपेक्षा आखूड असला तर पूर्ण ओढल्यावर त्याचे टोक धनुष्याच्या आत येते आणि सोडताच तो धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतो. वाढत्या वयाच्या मुलाला दोन वर्षांपूर्वीचे बाण वापरू देऊ नयेत, ते यासाठी.

आता "कानापर्यंत" या शब्दाविषयी. आपल्या कथा-पुराणांतले वीर धनुष्य "आकर्ण" ओढतात, आणि मुलांच्या मनात ते चित्र पक्के असते. पण त्यात मापाचे एक शहाणपण आहे. कान ज्याचा त्याचा असतो. आपल्या शरीरावरची एक ठरलेली जागा हेच माप, दुसऱ्याच्या धनुष्यावरचे इंच नव्हेत. आज तीन बोटांनी दोरी ओढायला शिकवतात त्यात ती जागा कान नसते. ऑलिंपिक पद्धतीत दोरी हनुवटीखाली येऊन नाकाच्या टोकाला टेकते, साध्या लाकडी धनुष्यात तर्जनी ओठाच्या कोपऱ्याला टेकवतात. ती जागा रोज, प्रत्येक बाणाला, तीच हवी. कारण अर्धा इंच इकडेतिकडे झाला तरी जोर आणि अंतर दोन्ही बदलते. ५० मीटरवर एवढ्याने बाण फूटभर वर-खाली जाऊ शकतो, असा माझा हिशेब निघाला. १२२ सेंटिमीटर व्यासाच्या फलकावर प्रत्येक वर्तुळ ६.१ सेंटिमीटर रुंद असते. म्हणजे पाच गुणांचा फरक! थकलेली मुले ओढताना अर्धा इंच अलीकडेच थांबतात, मग बाण खाली पडतात आणि मग त्यांना ओरडा बसतो. त्या वेळी सराव थांबवणे हेच औषध असते.

मोबाइलवर विश्वविजेत्यांचे खेळ पाहून मुले नक्कल करतात, त्यातही एक घोटाळा आहे. अदिती आणि ओजस खेळतात ते कंपाउंड धनुष्य वेगळेच यंत्र आहे. त्याच्या टोकांना चाके असतात. ओढ त्या चाकांवर ठरवून बसवलेली असते, त्यापुढे दोरी जातच नाही. आणि पूर्ण ओढल्यावर जोर एकदम उतरतो, ६० पौंडांच्या धनुष्याचे वीस पौंडही हातात राहत नाहीत. साध्या धनुष्याचे उलट असते. सायकलच्या पंपाचा शेवटचा दाब जसा सर्वांत जड, तशी त्याची शेवटची ओढ सर्वांत जड, आणि नेमका तिथेच थांबून नेम धरायचा असतो. त्याला पुढे जाऊ न देणारी कसलीही अडसर नाही. अडसर आपल्या शरीराचीच.

त्या शरीरात काय होते ते पाहू. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेल्या चेंडूसारखा. बशी उथळ, म्हणून हात चहूकडे फिरतो, पण चेंडू जागेवर धरून ठेवायचे काम चार छोट्या स्नायूंकडे असते. त्यांना मिळून रोटेटर कफ म्हणतात. यातल्या वरच्या स्नायूचा बंध एका अरुंद फटीतून जातो. खाली दंडाच्या हाडाचा गोळा आणि वर अंसकूट, म्हणजे आपल्या खांद्याच्या टोकाला हाताला लागते ते हाड. खांदा उचलून, कोपर वर नेऊन जोर लावला की ही फट आणखी आवळते आणि बंध चेपला जातो. एकदा चेपल्याने काही होत नाही. मुलगी रोज सुमारे १२० बाण मारत होती. साडेचौदा किलोंनी गुणा. रोजचे पावणेदोन टन, तेही वाकड्या खांद्याने. असे काम मी चाकणच्या कुठल्याही कामगाराला सांगितले असते तर त्याने युनियनकडे धाव घेतली असती.

योग्य ओढीवर चित्र बदलते. वरून पाहिले तर बाण, मनगट आणि मागच्या हाताचे कोपर एका रेषेत येतात. पाठीवरची दोन त्रिकोणी हाडे, आपण त्यांना खवाटे म्हणतो, ती एकमेकांकडे सरकतात. तेव्हा भार पाठीचे मोठे स्नायू घेतात आणि बाकीचा हाडांवरून जातो. ओढ कमी पडली तर कोपर रेषेच्या बाहेर राहते, खवाटे जुळत नाहीत आणि सगळा भार दंडाच्या बेडकीवर व मानेवर येतो. असे लोक मानदुखी घेऊन येतात. ओढ जास्त झाली तर आमच्या मुलीसारखे होते. शिवाय धनुष्य धरलेल्या हाताचे कोपर उलटे ताणले जाऊन सुटलेली दोरी हाताच्या आतल्या बाजूवर सपकन बसते. काळेनिळे वळ घेऊन येणारी मुले "लागलं" एवढेच सांगतात. धनुष्य आखूड आणि ओढ लांब असेल तर दोरीचा कोन बारीक होऊन बोटे चिमटली जातात, टोकांना मुंग्या येतात. तीन बोटांवर चामड्याचा टॅब घालावाच, पण मुंग्या तासाभराने राहिल्या नाहीत तर धनुष्याची लांबी तपासावी. (अंगठ्याला या पद्धतीत काहीच काम नसते. एकलव्याची गोष्ट सांगताना मुलीला मी हे सांगितले, तर ती म्हणाली, "मग द्रोणाचार्यांचा डाव फुकट गेला!")

लहान वयात आणखी एक धोका असतो. हाडांच्या टोकांशी वाढीच्या कूर्चा असतात, त्या बंधापेक्षाही नाजूक असतात. वारंवार ताणाने तिथे इजा झाली तर वाढीवर परिणाम होऊ शकतो. अंसकूट तर पूर्ण जुळायला अठरा ते पंचवीस वर्षांचे वय होते. इंग्लंडच्या आठव्या हेन्रीचे "मेरी रोज" नावाचे युद्धजहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली समुद्रातून वर काढले. त्यात शंभराहून अधिक धनुष्ये सापडली, त्यांचा जोर शंभर पौंडांहून जास्त असल्याचा जाणकारांचा अंदाज आहे. सोबत खलाशी आणि सैनिकांचे सांगाडे होते. त्या हाडांचा अभ्यास करणाऱ्या ॲन स्टर्लंड यांना कित्येकांच्या अंसकुटाचे टोक न जुळता सुटे राहिलेले आढळले, नेहमी आढळते त्याहून पुष्कळ जास्त प्रमाणात. लहानपणापासून जड धनुष्ये ओढल्याने हे झाले असावे, असा त्यांचा तर्क. त्या पोरांना राजाच्या लढाया लढायच्या होत्या. आपल्या मुलांना निवड चाचणी द्यायची आहे, आणि ती पुढच्या वर्षीही असते.

मुलीचा एक्स-रे काढला, कूर्चा सुदैवाने ठीक होत्या. चिंचवडच्या अस्थिरोगतज्ज्ञांनी तपासून बंधाला सूज असल्याचे सांगितले. तीन आठवडे धनुष्याला हात लावायचा नाही. दुखेल तेव्हा फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे. गोळ्या बंद. मग व्यायाम. भिंतीला हात टेकून दंड काढणे, रबरी पट्टा दाराच्या कडीला बांधून कोपर अंगाजवळ ठेवून ओढणे, बसल्या जागी खवाटे मागे जुळवून दहा आकडे मोजणे. हा शेवटचा व्यायाम ती वर्गातही करत असे. बाईंनी एकदा विचारले म्हणे, "आखडली आहेस का गं?" सहाव्या आठवड्यात हात दुखल्याशिवाय डोक्यावर गेला.

तिरंदाजी करणाऱ्या मुलाचा हात बाजूने वर उचलताना मधल्या टप्प्यात, साधारण ६० ते १२० अंशांच्या दरम्यान, दुखत असेल आणि त्याच्या खाली-वर दुखत नसेल, तर दुखणे बहुधा याच फटीचे असते. तेव्हा आठवडाभर खेळ थांबवून डॉक्टरांना दाखवावे. रात्रीची झोपमोड, हातात बधिरपणा, हात उचलताच न येणे, किंवा ताप व सूज असेल तर आठवडाही थांबू नये. दुखणे दाबून स्पर्धेत उतरवण्यासाठी इंजेक्शन मागू नये, आणि डॉक्टरांनी देऊ नये. चाळिशी ओलांडलेल्या मंडळींनाही हल्ली सुटीच्या दिवशी धनुष्याची हौस वाटते. मधुमेह असेल तर खांदा आखडण्याची शक्यता मुळातच जास्त असते, त्यांनी फार हलक्या धनुष्याने सुरुवात करावी.

उंच माणसाचे उलट होते. आमच्या ओळखीच्या एका सव्वासहा फुटी तरुणाने आखूड लाकडी धनुष्य हौसेने घेतले. त्याची ओढ ३० इंच, धनुष्य २६ साठी घडवलेले. तिसऱ्या दिवशी ते कडाडले आणि एक तुकडा कपाळाला लागला. दोन टाके मीच घातले. लाकूड किती ओढ सोसते ते घडवणारा ठरवतो. खेड तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातून माझ्याकडे एक वृद्ध ठाकर आजोबा दम्यासाठी येत. तिरकमठ्याचा विषय निघाला तर ते म्हणाले, "ज्याचा कमठा त्यानंच ओढावा. माझा पोराला देत नसं मी." बाण किती लांब तोडायचा म्हणून विचारले, तर त्यांनी एक हात छातीच्या मधोमध टेकवला आणि दुसरा पुढे लांब केला. बोटाच्या टोकापर्यंत. टेप नाही, पौंड नाही, पण माप शरीराचेच. सातपुड्यातले भिल्ल तर धनुष्याला दोरीसुद्धा बांबूच्या चिंबीची लावतात. ती वस्तू त्या माणसासाठी घडते, दुकानातून आकडा बघून येत नाही.

मुलीसाठी वडिलांनी नवे धनुष्य घेतले, त्यावर "२६ पौंड, २८ इंच" लिहिले होते. यावेळी ते काटा घेऊनच दुकानात गेले होते! दुकानदार आधी हसला, मग त्यानेच दुसऱ्या गिऱ्हाइकासाठी तो काटा मागून घेतला. तिच्या ओढीवर काट्याने ९ किलो दाखवले. पूर्ण ओढून आठ-दहा सेकंद न थरथरता धरता येते का, एवढी साधी परीक्षा मी घेतली. आली. बाण कापून पंचवीस इंचांचे केले. पहिले दोन आठवडे दहा मीटरवर, दिवसाला फक्त ४० बाण. हलके बाण, बरोबर ओढ, सरळ खांदा. महिन्या-दोन महिन्यांत ती ३० मीटरवर आली, आणि जुन्या जड धनुष्याने लागत नव्हते तितके बाण पिवळ्यात लागू लागले. निवड चाचणी मात्र त्या वर्षी हुकली ती हुकलीच.

ही गोष्ट इथे संपली असती, पण गेल्या महिन्यात ती सर्दीसाठी आली तेव्हा मी सहज तिला पुन्हा भिंतीशी उभे केले. वर्षभरात वाव झाली आहे ६१ इंच, ओढ साडेतेवीसवरून जवळजवळ साडेचोवीसवर गेली आहे. धनुष्य तेच, त्यावरचा आकडा तोच. काट्याला अडकवले तर पावणेदहा किलो! कोणी काही न करता, मूल वाढते तसे त्याचे धनुष्य जड होत जाते. तिला ते पेलवत होते, म्हणून धनुष्य तसेच ठेवले. बाण मात्र तिच्या ओढीपुढे जेमतेम अर्धा इंच उरले होते. ते त्याच दिवशी बाजूला काढायला लावले आणि सव्वीस इंचांचे नवे घ्यायला सांगितले. भिंतीवर तिच्या नावाची दुसरी रेघ ओढली आहे. तिसरी रेघ ओढायला दर तीन महिन्यांनी यायचे ठरले आहे, सर्दी असो वा नसो.